राष्ट्रे खळबळतात तेव्हा

शास्त्रवाचन: स्तोत्रसंहिता 46, यशया 22:8-11, यिर्मया 29:4-7, फिलिप्पैकरांस 4:4-9

स्तोत्रसंहितेचे शेहेचाळिसावे स्तोत्र आपण बहुधा आजाऱ्याच्या बिछान्याशी किंवा दुःखितांच्या घरी वाचतो. परंतु ते मुळात एका नगराविषयी आहे. राष्ट्रे खवळली आहेत, राज्ये डळमळत आहेत, पर्वत समुद्रात कोसळत आहेत, आणि त्या गदारोळात देवाचे लोक निर्भय उभे आहेत. हे निर्भयपण कोठून येते? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आपण कलकत्त्याच्या दक्षिणेस, हुगळीच्या काठी वसलेल्या खिदिरपुराकडे वळू. त्या नगराने व त्या वस्तीने राष्ट्राची खळबळ फार जवळून पाहिली आहे.

1. भीतीचा खंदक

1742 साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचा सेनापती भास्करराम कोल्हटकर बंगालवर चालून गेला. मराठी घोडदळाच्या, म्हणजे ‘बर्गीं’च्या धास्तीने कलकत्त्याच्या रहिवाशांनी नगराभोवती खंदक खणण्यास आरंभ केला. सात मैलांचा बेत होता. सुमारे तीन मैल खणून झाले आणि काम थांबले, कारण मराठे कलकत्त्यावर आलेच नाहीत. पुढे 1756 साली नबाब सिराजउद्दौला आला व नगर पडले. ज्याचे भय होते तो आला नाही. जो आला त्याला खंदकाने अडविले नाही. अखेरीस तो खंदक बुजवून त्यावरून रस्ता करण्यात आला.

मराठी वाचकाने येथे थोडे थांबावे. त्या भीतीचे कारण आपलेच पूर्वज होते. बर्गींची आठवण बंगाली आयांच्या अंगाईगीतांत आजही टिकून आहे. आपण स्वतःस नेहमी भ्यालेल्यांच्या बाजूस मोजतो. परंतु दुसऱ्याच्या घरात आपल्या नावाने लेकरे भिववली गेली, हे स्मरले म्हणजे ‘आम्ही’ व ‘ते’ यांतील भिंत जरा खाली येते.

यशया संदेष्ट्याने यरुशलेमेतही असेच दृश्य पाहिले. शत्रू येणार म्हणून लोकांनी शस्त्रागार तपासले, तटाच्या दुरुस्तीसाठी घरे मोजून पाडली, दोन तटांमध्ये पाण्याचा साठा केला. संदेष्टा या कामांना पाप म्हणत नाही. त्याचा दोषारोप निराळा आहे: ज्याने हे सर्व पूर्वीच योजिले, त्याच्याकडे त्यांनी पाहिले नाही. म्हणजे भरवसा व तयारी यांचे वैर नाही. वैर आहे ते भरवसा आणि देवाला वगळून केलेली तयारी यांचे.

2. भरवसा म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे

खिदिरपूरची गोदी 1892 मध्ये सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात 5 डिसेंबर 1943 रोजी भर दिवसा जपानी विमानांनी तिच्यावर बाँब टाकले. मेलेल्यांत पुष्कळ गरीब मजूर होते. त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळाने लक्षावधी माणसे गिळली. पुढे 16 ऑगस्ट 1946 पासून कलकत्त्यात दंगल पेटली, आणि काही दिवसांत हजारो हिंदू व मुसलमान प्राणास मुकले. खिदिरपूर व शेजारचे मटियाबुर्ज यांनाही तिची झळ लागली.

अशा वेळी जो म्हणतो की ‘विश्वासणाऱ्याच्या केसालाही धक्का लागत नाही’, तो शास्त्राहून अधिक बोलतो. स्तोत्रकर्ता पर्वत ढळणार नाहीत असे म्हणत नाही. ते ढळले तरी आम्ही भिणार नाही असे म्हणतो. दानीएलाच्या तीन मित्रांनी राजास सांगितले की आमचा देव सोडविण्यास समर्थ आहे, आणि त्याने न सोडविले तरी आम्ही मूर्तीपुढे नमणार नाही. हबक्कूकाने अंजिराचे रिकामे झाड, ओसाड शेत व सुना गोठा डोळ्यांपुढे ठेवूनच देवाच्या ठायी आनंद केला. भरवशाचा आधार परिणाम नव्हे, तर देवाचा स्वभाव होय. वधस्तंभ पाहिलेल्या मंडळीला हे नवे वाटू नये.

3. नगराचे हित पाहणे

बाबेलात धरून नेलेल्या यहूद्यांविषयी हनन्याने सांगितले की दोन वर्षांत सर्व ठीक होईल. यिर्मयाने कटू सत्य सांगितले: सत्तर वर्षे लागतील, म्हणून घरे बांधा, बागा लावा, आणि ज्या नगरात आहा त्याच्या शांतीसाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या शांतीतच तुमची शांती आहे.

1946 च्या त्या दंगलीत कलकत्त्याच्या एंटाली भागातील एका कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात सुमारे तीनशे मुली होत्या आणि अन्न संपले होते. एक शिक्षिका एकटीच अन्नाच्या शोधात रस्त्यावर गेली. वाटेत तिने प्रेते पाहिली. सैनिकांनी तिला परत पोहोचविले व तांदूळ दिला. ती म्हणजे पुढे जगास ठाऊक झालेल्या मदर तेरेसा. त्या दिवशी तिच्या भरवशाने एवढेच केले की ती दार उघडून बाहेर पडली.

दुसरे उदाहरण हरेंद्र कुमार मुखर्जी यांचे. हे बंगाली ख्रिस्ती प्राध्यापक संविधान सभेचे उपाध्यक्ष व अल्पसंख्याक उपसमितीचे अध्यक्ष होते. फाळणीच्या जखमा ओल्या असताना, 1949 साली, धर्माच्या आधारे विधिमंडळांत राखीव जागा असू नयेत अशी भूमिका त्यांनी घेतली. तिच्याविषयी मतभेद असू शकतील. परंतु लहान समाजाने शेजाऱ्याच्या सद्भावावर व देवावर विसंबून स्वतःचा खंदक बुजवावा, हे सोपे नव्हते. पुढे ते पश्चिम बंगालचे राज्यपाल झाले व 1956 मध्ये त्या पदावर असतानाच निवर्तले.

4. संस्कृतीची खळबळ

सर्वच वादळे दंगलींची नसतात. खिदिरपुरातील वकील राजनारायण दत्त यांचा मुलगा मधुसूदन याने 9 फेब्रुवारी 1843 रोजी कलकत्त्यात बाप्तिस्मा घेतला. त्याला हिंदू कॉलेज सोडावे लागले, घरही दुरावले. आरंभी इंग्रजी कवी होण्याची त्याची आकांक्षा होती. परंतु 1861 साली त्याचे नाव अमर झाले ते बंगालीतील ‘मेघनादवध काव्या’मुळे. आपल्या महाराष्ट्रात नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्ताची भक्ती मराठी मातीतल्या अभंगांत ओतली. दोघांचे मार्ग भिन्न, तरी बोध एक: प्रभू आपल्याला मायबोलीतून हुसकावून लावत नाही. आपण परके आहोत अशी कुजबुज भोवती वाढते, तेव्हा चिडून दूर होण्यापेक्षा आपल्या लोकांवर अधिक प्रीती करणे हेच विश्वासाचे उत्तर होय.

5. दारावरील पहारा

हुगळीत भरती-ओहोटीने पाणी सतत चढते व उतरते. खिदिरपूरच्या गोदीत मात्र पाण्याची पातळी राखलेली असते, कारण तिच्या मुखाशी दारे आहेत. नदी शांत झालेली नसते. जहाजेही त्याच नदीतून आत येतात व तिच्यातच परत जातात.

पौलाने तुरुंगातून फिलिप्पैकरांस लिहिले की देवाची शांती तुमची अंतःकरणे राखील. मूळ ग्रीक शब्द सैनिकांच्या पहाऱ्याचा आहे. हा पहारा कसा बसतो तेही तो सांगतो: आभारासह प्रार्थना, आणि जे सत्य, न्याय्य व शुद्ध त्याचे मनन. म्हणून ऐकलेली प्रत्येक अफवा अंतःकरणात घेऊ नये, पुढे तर मुळीच धाडू नये. आणि दार जहाजांसाठी उघडावेही लागते. जी गोदी कोणासच आत घेत नाही ती गोदी नव्हे, डबके होय.

मननासाठी प्रश्न

1. मी सध्या कोणाच्या भीतीने खंदक खणत आहे? त्या कामात मी देवाकडे पाहिले आहे काय?
2. माझ्यामुळे किंवा माझ्या समाजामुळे कोणाला भय वाटते काय?
3. ज्या गावी देवाने मला ठेवले आहे, त्याच्या शांतीसाठी या आठवड्यात मी कोणते एक कृत्य करीन?

प्रार्थना: हे प्रभो, राष्ट्रे खळबळत असता आमची अंतःकरणे तुझ्या ठायी स्थिर ठेव. आमच्या शेजाऱ्यांचे रक्षण कर, आणि दार उघडून बाहेर पडण्याचे धैर्य आम्हांस दे. आमेन.