पावसाळ्यात जनावरांना बिल्ला मारताना घ्यायची काळजी

गाय, बैल, म्हैस, शेळी असो वा मेंढी, कानात बारा अंकी पिवळा बिल्ला आता हवाच. राज्यात 1 जून 2024 पासून बिल्ला नसलेल्या जनावरांची बाजारातली खरेदी-विक्री आणि वाहतूक यांवर बंधने आली आहेत. तरीही घाईत मारलेला बिल्ला नंतर डोकेदुखी ठरतो, पावसाळ्यात तर हमखास. ओलावा आणि माश्या यांमुळे कानाची लहानशी जखमही चिघळते, तिच्यात आसड्या पडतात. म्हणून जमेल तिथे हे काम पावसाआधी, घटसर्प-फऱ्याच्या लसीकरणासोबतच उरकून घ्यावे. राहून गेले असेल, तर उघडीप असलेला दिवस निवडावा. तापाने किंवा लम्पीने आजारी जनावर बरे झाल्यावरच बिल्ला मारावा.

मारण्यापूर्वी
बिल्ला पशुधन पर्यवेक्षक किंवा प्रशिक्षित माणसाकडूनच मारून घ्यावा. जनावर खोड्यात घ्यावे, खोडा नसेल तर मोरकी घालून डोके खुंट्याला आखूड बांधावे. डोके हलले की सुई भलतीकडे जाते. कान आतून-बाहेरून पुसून स्पिरिट लावावे आणि वाळू द्यावे. यंत्राची सुई प्रत्येक जनावरानंतर जंतुनाशकाने पुसण्याचा आग्रह धरा, कारण रक्तातून पसरणारे रोग अशा सुईवरूनही दुसऱ्या जनावरात जातात.

नेमकी जागा
कान उजेडाकडे धरला की शिरा दिसतात. दोन ठळक शिरांच्या मधली, कानाच्या साधारण मध्यावरची जागा योग्य. टोकाजवळचा बिल्ला कुंपणात किंवा गव्हाणीत अडकून कान फाडतो. बुडाशी कूर्चा जाड असते, तिथली जखम लवकर भरत नाही. यंत्र एकाच दमात, पूर्ण दाबावे. बिल्ला कानात सैल फिरला पाहिजे. वासरांचा आणि करडांचा कान वाढत असतो, त्यामुळे त्यांच्या बाबतीत ही मोकळीक विशेष पाहावी. शेवटी छिद्राला पोव्हिडोन आयोडीन लावावे.

पुढचे दहा-पंधरा दिवस
रोज धार काढताना कानावर नजर टाका. थोडी सूज एक-दोन दिवस राहते. पू, दुर्गंधी, कान लोंबणे किंवा सतत डोके झटकणे दिसले, तर पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा किंवा 1962 या क्रमांकावर फोन करा. जखमेत फिनाईल, राख किंवा डिझेल घालू नका. गोठा कोरडा ठेवा, शेण-मूत साचू देऊ नका.

नोंद विसरू नका
बिल्ला मारल्यावर जनावराची माहिती 'भारत पशुधन' प्रणालीत त्याच वेळी भरून घ्या. बिल्ला पडला, तर नवा क्रमांक जुन्या नोंदीशी जोडून घ्या. जनावर विकल्यावर मालकी बदलल्याची नोंद करा आणि बिल्ला कापू नका. लसीकरण, कृत्रिम रेतन आणि उपचार यांचा सगळा इतिहास याच क्रमांकावर असतो. नोंद नसलेला बिल्ला म्हणजे कानातला नुसता प्लॅस्टिकचा तुकडा.