नीट हुकली म्हणून कोडिंग? आधी एक केसपेपर नीट वाचून पाहा

नीटचा निकाल लागला की पालकांचे फोन सुरू होतात. गेली काही वर्षं त्यात एक प्रश्न ठरलेला असतो : "सर, एमबीबीएस काही मिळत नाही. मेडिकल कोडिंगचा तीन महिन्यांचा कोर्स आहे, नोकरीची हमी देतायत. घालू का मुलीला?"

बारावीनंतर लगेच घालू नका. बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी, फार्मसी, नर्सिंग हे रस्ते तुम्हाला माहीत आहेत, त्यांच्या फेऱ्यांच्या तारखा सीईटी सेलच्या संकेतस्थळावर मिळतात. त्यावर शब्द घालवत नाही. कोडिंगबद्दल मात्र बोलायला हवं, कारण त्यातलं काम काय असतं हे जाहिरातीत कुठेच नसतं.

अमेरिकेत रुग्णाच्या प्रत्येक भेटीचं निदान कोडमध्ये लिहावं लागतं. विमा कंपनी त्यावरून पैसे देते. १ ऑक्टोबर २०१५ पासून तिथे आयसीडी-१०-सीएम ही कोडसूची लागू आहे. हे काम चेन्नई, हैदराबाद, पुणे, नवी मुंबईतल्या कार्यालयांत बसून होतं. आता त्यातली एकच केस पाहू.

आठ आठवड्यांची गरोदर बाई रक्तस्राव होतो म्हणून तिथल्या इमर्जन्सी विभागात येते. डॉक्टरांनी फक्त 'गरोदरपणाच्या सुरुवातीचा रक्तस्राव' एवढंच लिहिलं, तर कोड ओ२०.९. 'थ्रेटन्ड अबॉर्शन' लिहिलं, म्हणजे गर्भ टिकून आहे पण पडण्याचा धोका आहे, तर ओ२०.०. गर्भ अर्धवट पडला असेल आणि दुसरी गुंतागुंत नसेल तर ओ०३.४. ठोके थांबलेत पण गर्भ आतच आहे, तर ओ०२.१. गर्भ नळीत राहिला असेल तर ओ०० या गटात जावं लागतं. शिवाय ओ२० हा गट वीस आठवडे पूर्ण होण्याआधीच्याच रक्तस्रावासाठी आहे. त्याला गरोदरपणाचे आठवडे सांगणारा झेड३ए.०८ हा जोडकोड लागतो, पण गर्भ पडल्याच्या किंवा नळीतल्या गर्भाच्या कोडला तो लावायचा नाही.

खरी परीक्षा पुढे आहे. डॉक्टर लिहितात, 'रूल आउट एक्टोपिक', म्हणजे गर्भ नळीत तर नाही ना, हे तपासायचं आहे. नवखा कोडर झटकन ओ०० टाकतो. चूक. बाह्यरुग्णाच्या नोंदीत शंकेला कोड नसतो, जे नक्की ठरलंय त्यालाच असतो. म्हणून तिथे ओ२०.९ च राहतो. सोनोग्राफीचा अहवाल वाचून स्वतः निदान ठरवायचा अधिकार कोडरला नाही. नोंद अपुरी असेल तर डॉक्टरांना लेखी विचारायचं, आणि तेही उत्तर त्यांच्या तोंडी न घालता.

ही काटेकोरी केवळ बिलापुरती नाही. चुकीचा कोड त्या बाईच्या कायमच्या नोंदीत बसतो. २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचं घटनात्मक संरक्षण काढून घेतल्यावर अनेक राज्यांत कायदे कडक झाले. आपोआप पडलेला गर्भ आणि पाडलेला गर्भ यांचे कोड वेगळे आहेत. ती नोंद अचूक असणं हा त्या बाईचा हक्क आहे. काही आई-वडील विचारतात, "मुलीला असलं वाचावं लागेल?" हो, आणि लक्ष देऊन, आदराने वाचावं लागेल. ते पटत नसेल तर हे क्षेत्र नकोच.

आता सांगा, तीन महिन्यांत हे येतं का? शरीररचना, वैद्यकीय इंग्रजी आणि नियमावली शिकायला वेळ लागतो. नियमावली तर दर ऑक्टोबरमध्ये बदलते. एएपीसी या संस्थेची सीपीसी परीक्षा चार तासांत शंभर प्रश्नांची असते. ती पास झाल्यावरही अनुभव नसेल तर प्रमाणपत्रावर 'ए' लागतो, म्हणजे शिकाऊ. बहुतेक कंपन्या पदवीधरच मागतात, त्यातही जीवशास्त्र, फार्मसी, नर्सिंगवाले. सोप्या नोंदींचं कोडिंग तर सॉफ्टवेअर करू लागलं आहे. माणसासाठी उरतंय ते वर सांगितल्यासारखं अवघड काम.

पालकांना एक गोष्ट स्पष्टच सांगतो. यातले बरेच जण कोडिंग निवडत नाहीत, ते 'मेडिकल' हा शब्द निवडतात. नातेवाईकांना सांगता यावं म्हणून पोराला तिथे बसवतात. ज्या मुलाला सलग दोन पानं इंग्रजी वाचायचा कंटाळा आहे, त्याला दिवसभर केसपेपर वाचायला लावणं हा अन्याय आहे. नीटचं अपयश त्याने पचवलंय. तुम्ही अजून पचवलेलं नाही, आणि त्याची किंमत तो मोजतोय.

ज्याला वाचनाची खरी आवड आहे, त्याच्यासाठी एक दुर्लक्षित वाट सांगतो : रुग्णालयाचा मेडिकल रेकॉर्ड विभाग. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याने आरोग्य-माहिती व्यवस्थापन हा स्वतंत्र व्यवसायगट मानला आहे, क्लिनिकल कोडर त्यातच येतो. आधी नर्सिंग किंवा जीवशास्त्राची पदवी घ्या. मग रुग्णालयात डिस्चार्ज कार्ड, संमतिपत्रं, टीपीए डेस्कवरचे दावे जवळून पाहा. नोंद कुठे अपुरी राहते हे ज्याला तिथे कळतं, तो पुढे कोडिंगमध्येही टिकतो आणि डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारू शकतो.

तरीही कोर्सच करायचा असेल, तर संस्थेला तीन गोष्टी विचारा. शिकवणारी व्यक्ती स्वतः प्रमाणित आहे का? गेल्या तुकडीतल्या किती जणांना कोडर म्हणूनच नोकरी लागली, डेटा एंट्रीची नव्हे? हमी पाळली नाही तर फी परत मिळेल का? उत्तरं लेखी मागा. लेखी देत नसतील तर एक रुपयाही भरू नका.