माठ, फ्रीज आणि नगरचा उन्हाळा



'फ्रीज काय करतो?' असा प्रश्न व्हायव्हात आला की आपण बहुतेक जण 'थंडी तयार करतो' असं ठोकून देतो आणि मार्क घालवतो. थंडी नावाची वस्तू तयार करता येत नाही. असते ती फक्त उष्णता. फ्रीज आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, एवढंच. म्हणूनच फ्रीजचं दार उघडं ठेवून खोली गार होत नाही, उलट तापते. आतून काढलेली उष्णता आणि मीटरवर पडलेली वीज, दोन्ही शेवटी खोलीतच येतात.

आधी माठ समजून घेऊ

आपला अहिल्यानगर जिल्हा (२०२४ पर्यंत अहमदनगर, बोलताना अजूनही नुसतं नगर) बहुतांशी पर्जन्यछायेत येतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर आणि हवा कोरडी ठक्क. अशा हवेत माठाच्या अंगावरचं पाणी भराभर उडतं. एक किलो पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते आणि ती बरीचशी माठातल्या पाण्यातून घेतली जाते. मुंबईत हाच माठ एवढं गार पाणी देत नाही, कारण तिथल्या हवेत आधीच बाष्प भरलेलं असतं.

माठाच्या अडचणी दोन. एक, उडालेली वाफ परत येत नाही, पाणी सतत भरावं लागतं. दोन, हवेच्या 'वेट बल्ब' तापमानाच्या खाली माठ जाऊ शकत नाही. फ्रीज म्हणजे या दोन अडचणींवर काढलेला तोडगा आहे.

वाफ परत पकडायची कशी?

पाण्याऐवजी असा द्रव घ्यायचा, जो शून्याच्या खालीच उकळतो. आर-१३४ए साध्या वातावरणीय दाबाला उणे २६ अंशांना उकळतो, तर हल्लीच्या बऱ्याच घरगुती फ्रीजमधला आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, उणे १२ ला. आयसोब्युटेन ज्वलनशील आहे, पण घरच्या फ्रीजमध्ये तो १०० ग्रॅमपेक्षाही कमी असतो.

हा द्रव फ्रीझरच्या नळ्यांत उकळतो आणि आतली उष्णता घेतो. त्याची वाफ कॉम्प्रेसर ओढून घेतो आणि दाबतो. आर-१३४ए असेल तर दाब साधारण १ बारवरून १५ बारपर्यंत जातो. एवढ्या दाबाला ती वाफ ५५ अंशांना द्रव होते. खोली ४२ अंशांवर असली तरी ५५ अंशांच्या कंडेन्सरला ती गारच. त्यामुळे उष्णता आपोआप बाहेर जाते. मग तो द्रव केसासारख्या बारीक कॅपिलरी नळीतून जातो, दाब पडतो आणि चक्र पुन्हा सुरू.

चढ जेवढा मोठा, तेवढं बिल

उष्णता गारातून गरमाकडे नेणं म्हणजे पाणी विहिरीतून वर उपसण्यासारखं. विहीर खोल असेल तर वीज जास्त. कार्नोचं सूत्र हेच सांगतं: आदर्श सीओपी म्हणजे थंड बाजूचं तापमान भागिले दोन्ही बाजूंतला फरक, अर्थात केल्विनमध्ये.

फ्रीझरच्या नळ्या २५० केल्विन (उणे २३ अंश) आणि कंडेन्सर ३२८ केल्विन (५५ अंश) धरा. २५० भागिले ७८ म्हणजे ३.२. डिसेंबरच्या रात्री खोली १५ अंशांवर आणि कंडेन्सर २८ वर असेल, तर हाच आकडा ४.९ येतो. तेवढीच उष्णता काढायला थंडीत एक तृतीयांश वीज कमी! प्रत्यक्षातला फ्रीज याच्या निम्माही सीओपी देत नाही, पण तुलना साधारण अशीच राहते. फ्रीज भिंतीला चिकटवून कंडेन्सर आणखी ५ अंशांनी तापवला, तर सीओपी ३ वर येतो. म्हणजे सहा टक्के फुकट गेले.

भिंत, दार आणि पातेलं

भिंतीत पॉलियुरेथेन फोम असतो. त्याची उष्णतावाहकता सुमारे ०.०२२. क्षेत्रफळ २.५ चौरस मीटर, जाडी ५ सेंटिमीटर आणि तापमानातला फरक ३५ अंश धरला, तर ३८.५ वॉट उष्णता सतत आत झिरपते. चोवीस तास चालणारी ही गळती आहे.

मेसमध्ये 'दार लावा रे!' म्हणून ओरडा होतो. पण हिशोब करून पाहा. दीडशे लिटर हवा पूर्ण बदलली तरी ४२ अंशांवरून ५ वर आणायला सुमारे ६ किलोज्यूल लागतात, बाष्पामुळे आणखी थोडे. दोन लिटर दूध ८५ अंशांचं गरमागरम आत ठेवलं, तर सव्वासहाशे किलोज्यूल! जवळजवळ शंभरपट. दार लावाच, पण ओरडायचं तर आधी पातेल्यासाठी ओरडा.

लाइट आली की लगेच नको

२००५ नंतरच्या काही वर्षांत आपल्या गावांनी लांबलचक लोडशेडिंग भोगलं. लाइट गेल्यावर कॅपिलरीतून दोन्ही बाजूंचे दाब हळूहळू सारखे होतात, त्याला काही मिनिटं लागतात. फ्रीजची छोटी मोटर या सारख्या दाबावरच सुरू होण्यासाठी बनवलेली असते. लाइट लगेच परत आली, तर तिला १५ बारविरुद्ध धक्का मारावा लागतो. त्यात व्होल्टेज पडलेलं. इंडक्शन मोटरचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलतो. २३० ऐवजी १६० व्होल्ट मिळाले, तर टॉर्क निम्म्याच्याही खाली. मोटर फिरत नाही, नुसता करंट ओढते आणि वाइंडिंग जळतं. स्टॅबिलायझरमधला तीन-चार मिनिटांचा 'टाइम डिले' यासाठीच असतो.

गावचा मोठा फ्रीज

आमच्या घरी दोन म्हशी आहेत, दूध गावच्या संकलन केंद्रावर जातं. तिथला बल्क कूलर म्हणजे हाच फ्रीज, मोठा केलेला. काढलेलं दूध ३५ अंशांचं असतं. ते ४ अंशांवर लवकर आलं नाही, तर जिवाणू वाढून दूध नासतं आणि परत येतं. परत आलेलं दूध म्हणजे त्या घराचा त्या दिवसाचा पगार गेला.

हजार लिटर दूध ३५ वरून ४ वर आणायला सुमारे ३५ युनिट उष्णता काढावी लागते. सीओपी २.५ धरला तर वीज १४ युनिट. ऊसवाहतुकीच्या धुळीने कंडेन्सरच्या पात्या बुजल्या आणि सीओपी २ झाला, तर साडेसतरा. शिवाय गार व्हायला वेळही जास्त. साध्या ब्रशने पात्या साफ केल्या तरी फरक पडतो.

आता शेवटचा हिशोब. ३५ आणि १४ मिळून ४९ युनिट उष्णता कंडेन्सर रोज हवेत सोडून देतो. आणि कॅन धुवायला गरम पाणी लागतं, ते वेगळं तापवलं जातं. कॉम्प्रेसरमधून निघालेली गरम वाफ कंडेन्सरच्या आधी पाण्याच्या टाकीतल्या कॉइलमधून फिरवली, तर त्यातला काही भाग तरी परत मिळेल. फायनल इयरला प्रोजेक्टसाठी विषय शोधणाऱ्यांनी सुट्टीत आपापल्या गावच्या केंद्रावर थर्मामीटर घेऊन जरूर जावं.