दोन बोटांचे अंतर
(पिण्याचे पाणी आणि उलटा प्रवाह : एक पाठ)



डिसेंबर २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात आपल्याच इंदूरच्या भागीरथपुरा भागात पिण्याच्या नळात घाण पाणी मिसळले. अनेकांचे प्राण गेले, शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. त्यानंतर वर्गावर्गांतून मुले आम्हाला एकच प्रश्न विचारत राहिली, "सर, पाइप तर बंद असतो, मग त्यात घाण शिरते कुठून?" प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याचे उत्तर विज्ञानाच्या पुस्तकातल्या दाबाच्या धड्यातच आहे. ते सर्वांना कळावे म्हणून हा पाठ देत आहोत.

नदीपासून नळापर्यंत

१९७८ साली नर्मदेचे पाणी इंदूरला पोहोचले. जलूद येथे पाणी उचलून, शुद्ध करून, घाट चढवून सुमारे ७० किलोमीटर दूर शहरात आणले जाते. तेथून ते मोठ्या टाक्यांत, टाक्यांतून वस्त्यांच्या पाइपांत आणि शेवटी आपल्या नळात येते. क्लोरीन घातलेले हे पाणी टाकीतून निघताना पिण्यायोग्य असते. भारतीय मानक आय.एस. १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय हा जंतू एकही आढळता कामा नये आणि दर लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे. हे शिल्लक क्लोरीन म्हणजे वाटेतल्या प्रवासाची शिदोरी. थोडीशी घाण ते निपटते, पण गटाराचे पाणी शिरले तर क्षणात संपून जाते.

म्हणजे पाणी शुद्ध करणे हे अर्धेच काम झाले. शुद्ध झालेले पाणी वाटेत नासू न देणे हे उरलेले अर्धे, आणि त्यातला बराच भाग आपल्या घराच्या आत येतो.

क्रॉस-कनेक्शन म्हणजे काय?

पिण्याच्या पाण्याचा पाइप आणि न पिण्याजोगे कोणतेही पाणी (गटाराचे, बोरिंगचे, कूलरचे, बादलीतले साबणाचे) यांच्यात पाण्याला जाण्यायेण्यासाठी जी वाट तयार होते, तिला क्रॉस-कनेक्शन म्हणतात. ही वाट कायमची असू शकते, उदा. दोन लाइनींना जोडणारा पाइप. ती घटकाभराचीही असू शकते, उदा. नळाला लावलेली आणि बादलीत बुडालेली रबरी नळी. दोन्ही सारख्याच धोक्याच्या.

एरवी पाणी नळातून बाहेर येते, कारण पाइपात दाब जास्त असतो. दाबाचे पारडे फिरले की पाणीही फिरते. ते दोन प्रकारे फिरते.

पहिला प्रकार, ओढ लागणे. रस्त्यावरील पाइप फुटला, अग्निशमन दलाने भरपूर पाणी घेतले किंवा कोणी लाइनीवर मोटर लावली, तर पाइपातला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षाही कमी होतो. मग बाहेरची हवा पाण्याला पाइपात ढकलते आणि बादलीतले पाणी नळीतून आत ओढले जाते.

दुसरा प्रकार, उलट दाब. समजा, तुमच्या तिसऱ्या मजल्यावरची टाकी जमिनीपासून १२ मीटर उंच आहे आणि बोरिंगची मोटर तेथवर पाणी चढवते आहे. तेव्हा खाली जमिनीपाशी बोरिंगच्या पाइपात किमान १२ मीटर पाण्याच्या उंचीइतका दाब असतो. नर्मदेच्या लाइनीत त्या वेळी ७ मीटरचाच दाब असेल आणि दोन्ही लाइनी एका व्हॉल्वने जोडलेल्या असतील, तर व्हॉल्व जरा जरी गळका असला तरी बोरिंगचे पाणी नर्मदेच्या लाइनीत जाणार. तेथून ते शेजाऱ्याच्या माठात पोहोचणार. शेजाऱ्याला याचा पत्ताही लागणार नाही.

आपल्या शहरात यात आणखी एक भर आहे. बहुतेक वस्त्यांत पाणी एक दिवसाआड आणि ठराविक वेळ येते. उरलेला वेळ पाइप रिकामा किंवा अर्धवट भरलेला, बिनदाबाचा. त्याला कोठे भेग असेल आणि भोवती गटाराचे पाणी मुरत असेल, तर ते सावकाश आत झिरपते आणि पाणी सुटले की पहिल्या धारेबरोबर घरोघर पोहोचते. म्हणून "पाइप बंद असतो" हे आपले समजणे बरोबर नाही.

करून पाहा

एक पारदर्शक नळी, दोन बादल्या आणि थोडा खाण्याचा रंग घ्या. एक बादली टेबलावर ठेवून तिच्यात रंगीत पाणी भरा, रिकामी बादली खाली जमिनीवर ठेवा. नळी स्वच्छ पाण्याने पूर्ण भरून दोन्ही टोके अंगठ्यांनी दाबा. एक टोक रंगीत पाण्यात बुडवा, दुसरे खालच्या बादलीत न्या आणि अंगठे काढा. रंगीत पाणी बादलीचा काठ चढून नळीत शिरेल आणि खाली वाहू लागेल. कोणी पंप लावलेला नाही, तरी पाणी वर चढले.

आता नळीचे बुडालेले टोक पाण्याबाहेर काढा आणि पाण्यापासून दोन बोटे वर धरा. नळीत हवा शिरेल आणि रंगीत पाणी येणे थांबेल. यातच या पाठाचे सार आहे. मधे हवा असली की उलट्या प्रवाहाची वाट तुटते.

जगातील तीन उदाहरणे

अमेरिकेतील शिकागो शहरात १९३३ साली जागतिक प्रदर्शन भरले होते. तेथील दोन मोठ्या हॉटेलांत उतरलेल्या लोकांत अमीबाची हगवण पसरली. पाहुणे आपापल्या गावी परतल्यावर आजारी पडले, त्यामुळे मूळ कारण कळायला वेळ लागला. एकूण ९८ मृत्यू झाले. तपासात जुन्या नळकामात सांडपाण्याचे आणि पिण्याचे पाइप एकमेकांशी जोडले गेल्याचे आढळले.

१९६९ साली अमेरिकेतच वूस्टर येथील होली क्रॉस कॉलेजच्या फुटबॉल संघातील ९७ पैकी ९० जणांना काविळीच्या विषाणूची लागण झाली. मैदानाला पाणी देण्यासाठी जमिनीत खड्ड्यात नळ बसवलेले होते. शेजारच्या घरातली काविळीची लागण झालेली मुले त्या खड्ड्यांतील पाण्यात खेळत. जवळपास आग लागली, ती विझवायला पाणी घेतल्याने लाइनीतला दाब उतरला आणि खड्ड्यातले पाणी पिण्याच्या पाइपात ओढले गेले. खेळाडूंनी सरावानंतर तेच पाणी प्यायले.

फिनलंडमधील नोकिया या गावी नोव्हेंबर २००७ मध्ये सांडपाणी प्रक्रिया केंद्रात पिण्याच्या पाण्याची लाइन आणि प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याची लाइन यांच्यामधला एक व्हॉल्व उघडा राहिला. सुमारे ३०,००० वस्तीच्या त्या गावात ८,००० पेक्षा अधिक लोक आजारी पडले. श्रीमंत देश, उत्तम व्यवस्था, आणि कारण काय, तर एक व्हॉल्व! व्हॉल्व हे दार आहे. दार आज ना उद्या कोणाच्या तरी हातून उघडे राहते. म्हणून दोन पाण्यांच्या मधे दार नको, भिंत हवी.

आपल्या घरात कोठे पाहावे?

१. नळाला लावलेली नळी. कूलर भरताना, गाडी धुताना, हौद भरताना तिचे टोक पाण्यात बुडालेले सोडू नये.

२. नर्मदा आणि बोरिंग यांच्या लाइनी. दोन्हींना जोडणारा पाइप कापून दोन्ही बाजूंना बूच लावावे. दोन्ही पाणी एकाच हौदात घ्यायचे असेल, तर दोन्ही पाइप हौदाच्या वर वेगवेगळे उघडे सोडावेत. मात्र अशा हौदातले मिसळलेले पाणी पिण्यासाठी वापरू नये.

३. लाइनीवर थेट लावलेला टुल्लू पंप. यामुळे आपल्याला बादलीभर पाणी जास्त मिळते, पण पाइपात ओढ निर्माण होते आणि भेगांतून गटाराचे पाणी साऱ्या गल्लीच्या लाइनीत येते. पाणी आधी हौदात पडू द्यावे आणि मग मोटरने वर चढवावे.

४. हौद व टाकी. हौदात पाणी सोडणाऱ्या पाइपाचे तोंड, हौद काठोकाठ भरला तरी, पाण्याच्या वर राहिले पाहिजे. हे अंतर पाइपाच्या व्यासाच्या दुप्पट असावे, आणि २५ मिलिमीटरपेक्षा कमी कधीच नसावे. घरगुती १५ मिलिमीटरच्या पाइपासाठी ३० मिलिमीटर, म्हणजे साधारण दोन बोटे. वॉशबेसिनच्या नळालाही हाच नियम.

५. नालीतून जाणारा पाइप. आपल्या घराची जोडणी गटारातून किंवा नालीतून आली असेल, तर ती बदलून घ्यावी. पाण्याचा मुख्य पाइप गटाराच्या पाइपापासून शक्यतो ३ मीटर दूर असावा आणि जेथे दोन्ही एकमेकांना ओलांडतात तेथे पाण्याचा पाइप वरून जावा.

पुष्कळ प्लंबर "एक नॉन-रिटर्न व्हॉल्व लावून देतो, काळजी नको" असे सांगतात. या व्हॉल्वचा उपयोग आहे, पण त्यात खडा किंवा क्षार अडकला की तो पुरता मिटत नाही आणि हे बाहेरून दिसत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी केवळ त्याच्या भरवशावर राहू नये.

संशय आला तर

पाण्याचा रंग, वास किंवा चव बदलली, एका गल्लीत एकाच वेळी अनेकांना जुलाब-उलट्या होऊ लागल्या, तर ते पाणी पिणे तत्काळ थांबवावे आणि नगर निगमला कळवावे. तक्रार क्रमांक लिहून ठेवावा. दुसरी सोय होईपर्यंत पाणी खळखळ उकळून, झाकून गार करून प्यावे. उकळल्याने जंतू मरतात, मात्र रसायने जात नाहीत, हेही ध्यानात असावे. स्वच्छ दिसणारे पाणी शुद्ध असतेच असे नाही. काविळीचा, विषमज्वराचा जंतू डोळ्यांना दिसत नाही. आजाऱ्याला ओ.आर.एस. द्यावे आणि वेळ न दवडता डॉक्टरांकडे न्यावे.

विश्वस्त मंडळास विनंती

शाळेच्या इमारतीतही नर्मदा आणि बोरिंग अशा दोन लाइनी आहेत आणि त्यांच्यामध्ये जोडणीचा व्हॉल्व आहे. जुन्या इमारतींत सर्रास अशीच रचना असते. ही जोडणी कापावी, मुलांच्या पिण्याच्या नळांना फक्त नर्मदेच्या स्वतंत्र टाकीतून पाणी द्यावे आणि वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्याआधी व एकदा नंतर, पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करावी, असा प्रस्ताव आम्ही मंडळाच्या येत्या बैठकीत ठेवत आहोत. रंगरंगोटी आणि नवी कमान यांची कामेही यादीत आहेत, याची आम्हाला जाणीव आहे. तरीही हे काम आधी व्हावे, कारण कमान वर्षभर थांबू शकते, आणि मूल तर दररोज त्या नळाला तोंड लावते.

पालकांना नम्र सूचना एवढीच की, आपली बोरिंगची जोडणी ही केवळ आपली खाजगी बाब नाही. एका घराची चूक साऱ्या गल्लीला भोवते, तशीच एका घराची सावधानी साऱ्या गल्लीला वाचवते.

स्वाध्याय (इयत्ता ६ वी ते १० वी)

१. आपल्या घरातील पाण्याची वाट, रस्त्यापासून स्वयंपाकघरापर्यंत, कागदावर काढा. नर्मदेचे पाणी निळ्या रंगाने आणि बोरिंगचे तांबड्या रंगाने दाखवा. दोन्ही रंग कोठे मिळतात का?

२. प्रत्येक नळ आणि त्याखालील भांड्याचा किंवा हौदाचा काठ यांतील अंतर पट्टीने मोजा व तक्ता करा. दोन बोटांपेक्षा कमी अंतर किती ठिकाणी आढळले?

३. २० मीटर उंच इमारतीच्या टाकीत मोटरने पाणी चढत असताना खालच्या पाइपात किमान किती दाब असेल? (१० मीटर पाणी = अंदाजे १ किलो दर चौरस सेंटिमीटर)

४. आपल्या आजी-आजोबांना विचारा, नर्मदा येण्यापूर्वी घरात पाणी कोठून येत असे? दहा ओळी लिहा.

हौदाचे झाकण उघडताना आणि मोटरजवळ जाताना घरातील मोठे माणूस बरोबर असलेच पाहिजे. पूर्ण केलेले तक्ते वर्गशिक्षकांकडे द्यावेत. ज्या घरात जोडणी सापडेल त्या घराला दोष न देता, ती काढून घेण्यासाठी काय करावे, हे समजावून देण्याची जबाबदारी आम्ही घेऊ.

– प्राचार्य