शाळेच्या फाटकाशी

रत्नागिरीहून निघालं की हातखंब्याला मुंबई-गोवा महामार्ग लागतो आणि थोडं पुढे पाली. इथून एक रस्ता लांजा-राजापूरकडे जातो, दुसरा नाणीज, साखरपा करत आंबा घाटाने कोल्हापूरला चढतो. अशा नाक्यावरच्या गावात माणसांची ये-जा थांबत नाही, आणि त्यातली बरीच शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहतात. याच परिसरात जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकवलं, पुढे मुख्याध्यापिका झाले. आता निवृत्त आहे, तरी नव्या शिक्षिकांचे फोन येतात : "बाई, अमुक एक जण आलाय, आत घेऊ का?" त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

१. आधी खुर्ची आणि पाणी, मग चौकशी

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला शिपाई नसतो, वॉचमन नसतो. बहुतेक वाडीवस्तीवर दोन शिक्षक, चार वर्ग. मुख्याध्यापकही फळ्यासमोर उभे. मग फाटकाकडे बघायचं कोणी? मी माझं टेबल भिंतीपासून हलवून दारासमोर आणलं, वर्गावर असतानाही फाटक नजरेत राहील असं. पैसा लागला नाही.

आलेल्या माणसाला फाटकातच अडवून "कोण? काय काम?" असं विचारलं की चांगला माणूस दुखावतो आणि ज्याच्या मनात काही आहे तो सावध होतो. आपल्या कोकणात उन्हातून आलेल्याला गूळ-पाणी दिल्याशिवाय बोलणं सुरू होत नाही. ती रीत शाळेतही पाळावी. व्हरांड्यात एक खुर्ची कायमची ठेवावी, वर्गांपासून लांब. पाहुणा तिथे बसतो, पाणी पितो आणि आपणहून बोलू लागतो. कुठून आलात, कोणाकडे आलात, पालीत कोण ओळखीचं? ज्याचं काम खरं असतं तो सगळं सांगतो. एकदा सामान्यज्ञानाची पुस्तकं विकणारा एक गृहस्थ आला. "वरून परवानगी आहे, मुलांशी दहा मिनिटं बोलू द्या," म्हणाला. "पत्र दाखवा की दादा," म्हटलं. पत्र बॅगेत होतं, मग गाडीत होतं, मग मोबाईलमध्ये होतं. मी त्याच्यासमोरच केंद्रप्रमुखांना फोन लावला. त्यांना काही माहीत नव्हतं. तो उद्या येतो म्हणून गेला, आला नाही. त्याच्या मनात वाईट होतं असं मी म्हणणार नाही. पण मुलांपर्यंत तो पोचला नाही, माझं काम तेवढंच होतं.

२. नोंदवहीत जायची वेळसुद्धा हवी

अधिकाऱ्यांसाठी शेरेबुक प्रत्येक शाळेत असतं, अभ्यागतांची वहीही कपाटात कुठेतरी असते. ती बाहेर काढून खुर्चीशेजारी दोरीने बांधावी. नाव, गाव, मोबाईल, कोणाकडे काम, आल्याची वेळ हे लोक लिहितात. जायची वेळ कोणी लिहीत नाही. आणि नेमकी तीच महत्त्वाची. दुपारी शाळा सुटताना वही बघितली आणि एखाद्या नावापुढचा रकाना रिकामा दिसला, तर तो माणूस कुठे आहे हे शोधूनच कुलूप लावायचं.

३. ओळखीच्याला वेगळा नियम नाही

हा मुद्दा मला सगळ्यात जवळचा आहे आणि गावात सगळ्यात जड जातो तोही हाच. अनोळखी माणसाला विचारायला कोणालाच काही वाटत नाही. पण सरपंचांचा भाचा, शाळा समितीतल्या सदस्याचा भाऊ, गणपतीला मुंबईहून आलेला माजी विद्यार्थी, दर खेपेला तांदळाची गोणी उतरवणारा पोरगा, यांना वहीत सही करायला सांगायचं म्हणजे जिवावर येतं. "बाई, आम्हाला विचारताय? याच शाळेत शिकलो की!"

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे वार्षिक अहवाल काढून बघा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याखाली नोंदलेल्या बलात्काराच्या गुन्ह्यांत दहापैकी नवाहून जास्त प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो : घरचा, शेजारचा, रोजचा. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला शाळेतल्या दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याची तक्रार आली, तेव्हा ज्याच्यावर आरोप होता तो भिंतीवरून उडी मारून आलेला नव्हता. ठेक्यावर सफाईकामाला घेतलेला कर्मचारी होता. २० ऑगस्टला बदलापूर स्थानकात लोक रुळांवर उतरले, तो दिवस महाराष्ट्रातली कुठलीच आई विसरणार नाही. इंग्लंडमध्ये २००२ साली सोहम नावाच्या गावात दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला. खुनी गावातल्या माध्यमिक शाळेचा केअरटेकर होता. दुसऱ्या भागातल्या पोलिसांकडे त्याच्याविरुद्ध आधी तक्रारी आल्या होत्या, पण नोकरी देताना त्या कोणापर्यंत पोचल्या नाहीत. या प्रकरणाच्या चौकशीतून तिथे मुलांजवळ काम करणाऱ्यांच्या पडताळणीची सगळी पद्धत बदलली. आपल्याकडे २०२० च्या पोक्सो नियमांत मुलांच्या नियमित संपर्कात येणाऱ्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करायला सांगितलं आहे. ठेकेदार माणूस पाठवतो, तेव्हा त्याचा कागद शाळेने मागायचा असतो. "ठेकेदाराने बघितलं असेल" हे उत्तर चालणार नाही.

म्हणून नियम एकच ठेवायचा आणि सुरुवात मोठ्यांपासून करायची. मी शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत हा ठराव घातला आणि अध्यक्षांना म्हटलं, पहिली सही तुमची. त्यांनी केली. नंतर कोणी कुरकुर केली की मी वही उघडून ते पान दाखवायची. शिक्षण हक्क कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत, निम्म्या जागा बायकांना. ठराव त्यांचा असला की तो गावाचा नियम होतो. मग बाईंना कोणाशी वाईटपणा घ्यावा लागत नाही.

४. "आईने पाठवलंय" एवढ्यावर मूल द्यायचं नाही

शाळा सुटायच्या आधी मूल न्यायला कोणीतरी येतंच. आजी आजारी, दवाखान्यात जायचंय, मामा आलाय. दाखल करतानाच पालकांकडून दोन-तीन नावं लिहून घ्यावीत, मोबाईलसकट, आणि दर जूनमध्ये पुन्हा विचारावीत. नावं बदलतात, नंबर तर हमखास बदलतात.

एक दिवस मधल्या सुट्टीनंतर एका मुलीचे वडील आले. आई दोन वर्षं माहेरी, मुलीला शाळेत तिनेच घातलेलं. हातात मिठाईचा पुडा, इस्त्रीचा शर्ट, डोळे तांबारलेले. "बाप आहे मी तिचा. माझी पोर मला भेटवायला तुम्हाला कोणाची परवानगी लागते?" मी म्हटलं, "भावोजी, बाप आहात हे मला मान्य आहे. बसा. तिला भेटल्याशिवाय मी तुम्हाला पाठवणार नाही, पण तिची आई आल्याशिवाय तिला तुमच्याबरोबर पाठवणारही नाही." ते ओरडले. पोषण आहाराची ताई हातातली पळी घेऊनच व्हरांड्यात येऊन उभी राहिली, काही बोलली नाही. आईला फोन केला, ती आणि तिचे वडील रिक्षाने आले. ऑफिसात सगळ्यांसमोर बापलेकीची भेट झाली. पोरीने पुड्यातला एक पेढा बापाला भरवला. नंतर कोर्टाने भेटीचे दिवस ठरवून दिले आणि आईने त्या हुकमाची प्रत शाळेत आणून दिली, ती दाखल्याच्या फायलीला लावली. नवरा-बायकोच्या भांडणात शाळेने न्यायाधीश होऊ नये. मूल कोणी दाखल केलं आणि कोर्टाचा कागद काय सांगतो, एवढंच आपण बघायचं. आणि मुलासमोर दोघांपैकी कोणाचाही अपमान होऊ द्यायचा नाही.

५. रस्त्यावरून आलेल्यांसाठी

चौपदरीकरणाच्या कामात वर्षानुवर्षं महामार्ग उखडलेला, त्यामुळे गाड्या रखडायच्या. बायाबापड्या मुलं घेऊन शाळेत यायच्या, "बाई, जरा बाथरूम मिळेल का?" बाईला नाही म्हणवत नाही. पण मुलींचं स्वच्छतागृह शाळा भरलेली असताना बाहेरच्या कोणालाही उघडायचं नाही. शिक्षकांचं दाखवायचं आणि सोबत कोणीतरी जायचं. पुरुषांना पुढच्या हॉटेलाचा रस्ता दाखवायचा, गोड शब्दांत.

६. चौकशी वेगळी, संशय वेगळा

मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे मेसेज दर एक-दोन वर्षांनी फिरतात. पालीतही फिरले. शाळेबाहेर घोळका जमतो, फेरीवाला, भंगारवाला, भिक्षेकरी दिसला की आवाज चढतात. अशा वेळी मी पालकांना राईनपाड्याची आठवण करून द्यायची. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं हे गाव. १ जुलै २०१८ ला भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठेचून मारलं. ज्या ग्रामपंचायतीच्या खोलीत त्यांना कोंडलं, तिथेच. त्या पाच जणांच्या घरीही मुलं होती.

मुलांच्या सुरक्षेच्या नावाखाली गरिबाचा, भटक्याचा, परप्रांतीय मजुराचा तिरस्कार शिकवला जात असेल, तर ती सुरक्षा नव्हे. कपडे बघून, भाषा ऐकून आपण माणूस ओळखत नाही. महामार्गाच्या कामावरच्या मजुरांची पोरं आमच्या शाळेत होती. त्यांचे वडील सिमेंटच्या हातांनी पोरं न्यायला यायचे तेव्हा त्यांनाही तीच खुर्ची, तेच पाणी, तीच वही. लिहिता येत नसेल तर मी लिहायची, ते अंगठा द्यायचे. मेसेज आला की मी आधी ग्रामीण पोलीस ठाण्यात फोन करून विचारायची आणि मग उत्तर पालकांच्या ग्रुपवर टाकायची. जमाव पांगवायला तेवढं पुरायचं.

७. वह्यावाटप आणि फोटो

जूनमध्ये दात्यांची रीघ लागते, त्यातले बहुतेक मनापासून देतात. त्यांचं स्वागत गुलाबाचं फूल देऊन करावं, मुलांनी गाणं म्हणावं. फक्त एवढं बघावं की कार्यक्रम पटांगणात होतो, वर्गात नाही. पाहुण्यांबरोबर कायम एक शिक्षक असतो. आणि कोणी मुलाला एकट्याने जवळ ओढून सेल्फी काढत नाही. मुलीचं नाव, इयत्ता, शाळा आणि चेहरा हे चारही एकत्र कुणाच्या स्टेटसवर गेलं की ते कुठवर जाईल याचा भरवसा नाही. समूहाचा फोटो शाळा काढेल आणि देईल, असं आधीच सांगितलं की कोणी रागावत नाही. एका देणगीदारांनी तर हाच नियम त्यांच्या गावच्या शाळेला सांगितला.

८. कॅमेरा

बदलापूरनंतर २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयाने सीसीटीव्ही सक्तीचे झाले, चित्रीकरण मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीनदा तपासावं असंही त्यात आहे. चांगलं आहे. पण पावसाळ्यात आमच्याकडे वीज दिवसदिवस नसते, आणि कॅमेरा घडून गेल्यावर दाखवतो. घडण्याआधी बघणारी आमच्याकडे पोषण आहाराची ताईच. तिची चूल फाटकाशी, तिला वाडीतला प्रत्येक माणूस माहीत. "बाई, ह्यो दोनदा फेऱ्या मारून गेला," हे तिनेच सांगायचं. अशा बाईला महिन्याकाठी मिळणारं मानधन बघितलं की मला अजून राग येतो. मुलांचं जेवण आणि मुलांची राखण दोन्ही तिच्यावर, आणि सुट्टीच्या महिन्यांचं मानधनही तिला मिळत नाही.

९. मूल काही बोललं तर

वरचं सगळं करूनही एखादं मूल एखाद्या माणसाबद्दल काही सांगतं. बहुधा सरळ सांगत नाही. "मला त्या काकांकडे वही द्यायला जायचं नाही," एवढंच म्हणतं. तिथे थांबायचं, शेजारी बसायचं, खोदून खोदून विचारायचं नाही, पुन्हा पुन्हा वदवून घ्यायचं नाही. जे बोललं ते त्याच्याच शब्दांत तारीख-वेळ टाकून लिहून ठेवायचं. आणि मग गावात विचारविनिमय करत बसायचं नाही. पोक्सो कायद्याच्या १९ व्या कलमाने कळवणं प्रत्येकाचं कर्तव्य केलं आहे. लपवलं तर २१ व्या कलमाखाली शिक्षा आहे, संस्थेच्या प्रमुखाला जास्त. खरंखोटं ठरवणं पोलिसांचं आणि कोर्टाचं काम.

गाव म्हणेल, शाळेची बदनामी होईल, पोरीचं लग्न व्हायचंय, आपसात मिटवू. अशा बैठकीला मुख्याध्यापकाने जाऊ नये. १०९८ हा चाईल्ड हेल्पलाईनचा क्रमांक, तो प्रत्येक वर्गात मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर रंगवून घ्यावा, फळ्याच्या वर नाही. मुलांच्या सुरक्षेसाठीची शाळेतली सखी सावित्री समिती २०२२ पासून कागदावर आहेच. तिच्यातल्या बायकांपैकी एक तरी अशी निवडावी जिच्याकडे पोरी एरवीही गप्पा मारायला जातात. त्या बाईचा नंबर पहिल्यांदा कोणाकडे असावा, तर पहिलीतल्या मुलीच्या आईकडे. प्रवेशाच्या दिवशीच द्यावा.