औषधाचे दिवस

विषमज्वराच्या रुग्णाला योग्य प्रतिजैविक मिळाले, की साधारणतः चार-पाच दिवसांत ताप उतरू लागतो. तोंडाला चव येते, खोळंबलेली कामे आठवतात आणि उरलेल्या गोळ्या फडताळात पडून राहतात. बरे वाटणे म्हणजेच बरे होणे, असे आपण सहज धरून चालतो. हा समज कितपत खरा आहे?

विषमज्वराचे जिवाणू दूषित अन्नपाण्यावाटे पोटात शिरतात. ते आतड्यातच थांबत नाहीत. आतड्याची भिंत ओलांडून ते रक्तात मिसळतात आणि यकृत, प्लीहा व अस्थिमज्जा यांतील पेशींच्या आत दडून बसतात. ताप ओसरला तरी हे दडलेले जिवाणू नष्ट झालेले असतातच असे नाही. औषध मध्येच सोडल्यास काही दिवसांनी ताप उलटू शकतो. म्हणूनच या आजारात, औषध कोणते आहे त्यानुसार, उपचार सुमारे एक ते दोन आठवडे चालतो.

मग जितके दिवस अधिक तितके चांगले, असे म्हणावे काय? तसेही नाही. पटकीमध्ये शरीरातील पाण्याची व क्षारांची भरपाई हाच मुख्य उपचार असतो. आजार तीव्र असल्यास डॉक्सिसायक्लिनची एकच मात्रा बहुधा पुरते. जिवाणूजन्य आमांशात साधारणतः तीन ते पाच दिवस औषध देतात. साध्या जुलाबांत तर जलसंजीवनी पुरेशी असते, प्रतिजैविक लागतच नाही. अकारण घेतलेले प्रतिजैविक आतड्यातील उपकारक जिवाणूंना मारते आणि औषधाला दाद न देणाऱ्या जिवाणूंना मोकळे रान देते.

हा धोका काल्पनिक नाही. १९४८ साली क्लोरॅम्फेनिकॉल हे विषमज्वरावरील गुणकारी औषध ठरले. अवघ्या चोवीस वर्षांनी, १९७२ मध्ये, केरळातील कालिकत येथे या औषधाला न जुमानणाऱ्या विषमज्वराची साथ आली. पुढे इतर औषधांचीही धार बोथट होत गेली.

तात्पर्य, औषधाचे दिवस आजारावर अवलंबून असतात. आपल्या उतावीळपणावर किंवा भीतीवर नव्हे. ते डॉक्टरांनी ठरवावेत आणि आपण पाळावेत. उरलेली गोळी पुढच्या दुखण्यासाठी जपून ठेवू नये, शेजाऱ्यालाही देऊ नये.

पाठगत प्रश्न
१. ताप उतरल्यावरही विषमज्वराचे औषध का चालू ठेवावे लागते?
२. साध्या जुलाबांत प्रतिजैविक घेतल्याने कोणती हानी होते?