कामापुरता उजेड

प्रस्तावना

घर म्हटले की लहानमोठी दुरुस्ती आलीच. नळ गळतो, दाराची बिजागरी सैल होते, भिंतीचा गिलावा निघतो, स्विच बिघडतो. अनेक घरांत ही कामे कारागिराची वाट न पाहता घरातील माणसेच करतात आणि दिवसभराचा कामधंदा आटोपल्यावर, म्हणजे बहुधा रात्री करतात. अशा वेळी पक्कड कोणती घ्यावी, पेचकस कोणता घ्यावा याचा विचार होतो; उजेडाचा विचार मात्र क्वचितच होतो. वास्तविक उजेड हेही एक हत्यारच आहे. ते चुकीचे निवडले तर पैसा वाया जातो आणि प्रसंगी हातालाही इजा होते. घरगुती दुरुस्तीसाठी परवडणारा एलईडी दिवा कसा निवडावा, हे प्रस्तुत पाठात आपण पाहणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपण –
• कामाच्या स्वरूपानुसार दिव्याचा प्रकार ठरवू शकाल;
• वॅट आणि ल्यूमेन यांतील फरक स्पष्ट करू शकाल;
• खोक्यावरील दाव्याची खातरजमा साध्या गणिताने करू शकाल;
• दिवा वापरताना घ्यावयाची दक्षता सांगू शकाल.

मूळ पाठ

१. आधी काम, मग दिवा

एका कुटुंबाचे उदाहरण घेऊ. पती कारखान्यात काम करतो, पत्नी घरी शिवणकाम करते. एके संध्याकाळी स्वयंपाकघरातील बिघडलेला स्विच बदलण्यासाठी पतीने नियमाप्रमाणे मेन स्विच बंद केला आणि सारे घर अंधारात बुडाले. त्याने मोबाइल तोंडात धरला व त्याच्या उजेडात काम सुरू केले. परंतु उजेड पडत होता हाताच्या पाठीवर, आणि जेथे पाहायचे त्या तारांवर हाताची सावली. पेचकस घसरला व अंगठ्यात रुतला. मेन बंद होता म्हणून जखमेवरच निभावले.

कामासाठी एक दिवा घ्यावा, असे त्या रात्री ठरले. ओट्याखालचा गळका नळ बदलणे आणि एक खोली रंगविणे ही कामेही बाकी होती. हाताशी रक्कम मात्र एका दिवसाच्या मजुरीएवढीच होती.

येथेच निवडीचा पहिला धडा मिळतो. ‘कोणता दिवा चांगला?’ हा प्रश्न दुकानात विचारण्यापूर्वी ‘काम कोणते?’ हा प्रश्न घरी विचारला पाहिजे. विजेच्या दुरुस्तीसाठी मेन बंद करावाच लागतो. तेव्हा प्लगवर चालणारा दिवा कितीही प्रखर असला तरी तो निरुपयोगी ठरतो. तेथे चार्जिंगचा, बॅटरीवर चालणारा दिवाच हवा. खोली रंगविण्याचे काम तासन् तास चालते. तेथे बॅटरी पुरत नाही, प्लगवरचा किंवा होल्डरमधला दिवा हवा. ओट्याखालच्या अडचणीच्या जागेत लहान, चुंबकाने चिकटणारा वा आकडीला अडकविता येणारा दिवा सोयीचा, कारण तेथे दोन्ही हात मोकळे असावे लागतात.

२. वॅट नव्हे, ल्यूमेन

जुन्या तारेच्या बल्बची सवय झालेला माणूस उजेड वॅटमध्ये मोजतो. परंतु वॅट हे दिवा किती वीज घेतो त्याचे माप आहे. तो किती प्रकाश देतो त्याचे माप ल्यूमेन होय. ६० वॅटचा जुना बल्ब सुमारे ७०० ल्यूमेन प्रकाश देत असे आणि घेतलेल्या विजेचा बहुतेक भाग उष्णतेत घालवीत असे. ९ वॅटचा चांगला एलईडी बल्ब ८०० ते ९०० ल्यूमेन प्रकाश देतो.

ही क्रांती निळ्या एलईडीमुळे शक्य झाली. निळा प्रकाश पिवळ्या लेपावर पाडला की डोळ्यांना पांढरा उजेड दिसतो. हा निळा दिवा घडविणारे इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेतून ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वितरित झाले आणि हा दिवा घराघरांत पोहोचला.

खोली रंगविताना पूर्वी ५०० वॅटचा हॅलोजन दिवा लावण्याची पद्धत होती. तो आठ तास चालला की ४ युनिट वीज खर्ची पडे. शिवाय त्याची काच इतकी तापे की हात लागताच भाजे. ५० वॅटचा एलईडी दिवा तेवढ्याच वेळात ०.४ युनिट वीज घेतो आणि साधारण खोलीला पुरेसा प्रकाश देतो.

३. खोक्यावरचा दावा आणि बोटावरचे गणित

उदाहरणातील कुटुंबाला दुकानदाराने चार्जिंगचे दोन दिवे दाखविले. एकावर ठळक अक्षरांत ‘१०० वॅट’ असे छापले होते आणि तो स्वस्त होता. दुसऱ्यावर ‘१० वॅट’ असे होते आणि त्याची किंमत अधिक होती. पतीचा हात साहजिकच पहिल्याकडे गेला. पत्नीने मात्र खोके उलटून बारीक अक्षरे वाचली. पहिल्याची बॅटरी होती १२०० मिलिअँपिअर-तासांची आणि दुसऱ्याची ४००० ची.

लिथियम बॅटरीच्या एका घटाचा दाब सुमारे ३.७ व्होल्ट असतो. मिलिअँपिअर-तासांना १००० ने भागून ३.७ ने गुणले की बॅटरीत साठलेली ऊर्जा वॅट-तासांत मिळते.

पहिला दिवा : १.२ × ३.७ = ४.४४ वॅट-तास
दुसरा दिवा : ४ × ३.७ = १४.८ वॅट-तास

पहिला दिवा खरोखर १०० वॅट वीज घेऊ लागला तर त्याची बॅटरी तीन मिनिटेही टिकणार नाही. दुसरा दिवा १० वॅटवर सुमारे दीड तास चालेल. “हा तास-दोन तास चालतो म्हणता, तर मग हा शंभर वॅटचा नाही, आणि शंभर वॅटचा असेल, तर तो चालणार नाही. यातले खरे काय?” असे तिने विचारले. दुकानदार हसला आणि त्याने पहिले खोके मागे घेतले.

ज्या खोक्यावर ल्यूमेन, बॅटरीची क्षमता व हमीचा कालावधी छापलेला नाही, ते खोके कितीही स्वस्त असले तरी बाजूला ठेवावे. भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह व ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का तेही पाहावे. हा क्रमांक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर तपासता येतो.

४. उजेड पडतो कोठे?

दिव्याखाली अंधार, असे आपण म्हणतो. दुरुस्तीच्या कामात त्याचा शब्दशः अनुभव येतो. शिवणयंत्राशी दिवस घालविणाऱ्या पत्नीला हे ठाऊक होते : सुईवर उजेड हवा तर दिवा कामाच्या हाताच्या विरुद्ध बाजूस ठेवावा लागतो. उजव्या हाताने काम करणाऱ्याने दिवा डावीकडे, डोळ्यांच्या रेषेपासून थोडा वर किंवा खाली ठेवावा.

अंतरालाही महत्त्व आहे. लहान दिवा दुप्पट अंतरावर नेला की त्याचा उजेड निम्मा होत नाही, सुमारे एक चतुर्थांश होतो. म्हणून जवळून करण्याच्या कामाला ३०० ते ५०० ल्यूमेनचा लहान दिवाही पुरतो. तोच दिवा छताला टांगला तर अपुरा पडतो.

भिंतीला पुट्टी लावल्यावर दिवा समोर न ठेवता भिंतीला लागून तिरपा ठेवावा. उजेड भिंतीवरून सरपटत गेला की बारीकसारीक उंचवटे आणि खळगे आपापल्या सावलीने उघडे पडतात. समोरच्या झोतात तीच भिंत सपाट भासते आणि दोष रंग वाळल्यावर दिसतात.

५. रंग आणि लुकलुक

एलईडीच्या उजेडाची छटा ‘केल्विन’ या एककात सांगतात. २७०० ते ३००० केल्विनचा उजेड पिवळसर, ४००० चा पांढरा आणि ६५०० चा निळसर पांढरा असतो. सर्वसाधारण कामाला ४००० ते ५००० केल्विन सोयीचे. वस्तूंचे रंग कितपत खरे दिसतात याचा निर्देशांक शंभरपैकी दिलेला असतो. तो निदान ८० असावा. तो कमी असेल तर रंग, विशेषतः लाल, फिके व मळकट दिसतात आणि तारांचे रंग ओळखण्यात चूक होऊ शकते.

आपल्या घरातील वीज ५० हर्ट्झची असते. हलक्या प्रतीचा दिवा तिच्यावर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. डोळ्यांना हे जाणवत नाही. परंतु त्याने डोळे शिणू शकतात, आणि अशा उजेडात गरगर फिरणारे पाते स्थिर वा संथ असल्याचा भास होऊ शकतो. ड्रिल किंवा कटर चालविणाऱ्यासाठी हा भास घातक आहे. दुकानात दिवा लावून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहावा. पडद्यावर काळे पट्टे ठळकपणे सरकताना दिसले तर तो दिवा घेऊ नये.

६. सुरक्षितता

• प्लगवरच्या धातूच्या दिव्याला तीन पिनांचा प्लगच असावा. त्याची हिरवी तार अर्थिंगची होय. ती कापून दोन पिनांचा प्लग कोणी जोडून दिला तर तो दिवा स्वीकारू नये.
• खोक्यावर ‘आयपी’ या अक्षरांपुढे दोन अंक असतात. पहिला धुळीपासूनचे व दुसरा पाण्यापासूनचे संरक्षण दर्शवितो. आयपी २० चा दिवा कोरड्या खोलीपुरताच. मोरी, न्हाणीघर यांसाठी निदान आयपी ४४, तर अंगणासाठी आयपी ६५ चा घ्यावा.
• एलईडीची उष्णता मागच्या बाजूने बाहेर पडते. दिवा कापडाने झाकू नये.
• फुगलेली बॅटरी चार्ज करू नये व कचऱ्यात टाकू नये. ती ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी.
• मेन बंद केल्यावरही तारेला हात लावण्यापूर्वी टेस्टरने खात्री करावी. जोडणी समजत नसेल तर परवानाधारक वायरमनलाच बोलवावे.

७. निवड

त्या कुटुंबाने १० वॅटचा, चुंबक व आकडी असलेला चार्जिंगचा दिवा घेतला. खोली रंगविण्यासाठी वेगळा मोठा दिवा घेण्याचा विचार त्यांनी सोडून दिला. त्याऐवजी खोलीच्या होल्डरमधील ९ वॅटचा बल्ब काढून रंगकामापुरता २० वॅटचा लावला आणि पुट्टी तपासण्यासाठी चार्जिंगचा दिवा भिंतीलगत तिरपा ठेवला. ठरविलेल्या रकमेत दोन्ही बसले.

पुढच्या रविवारी स्विच बदलला गेला. या वेळी मोबाइल फडताळात होता. दिवा बोर्डाच्या डावीकडे आकडीला होता आणि पतीचे दोन्ही हात मोकळे होते. काम झाल्यावर पत्नीने तो दिवा कपाटात ठेवू दिला नाही. मेन स्विचशेजारी तिने एक खिळा ठोकला आणि दिवा त्यावर अडकविला. अंधारात हात आधी जेथे जातो, तेथेच उजेड असावा, हे तिचे म्हणणे कोणालाही पटण्यासारखे होते.

शब्दार्थ

गिलावा – भिंतीवरील चुना वा सिमेंटचा थर
खातरजमा – खात्री
फडताळ – भिंतीतील कपाट
प्रखर – तीव्र

भाषाविचार

मराठीत उजेडाच्या छटा दाखविणारे अनेक शब्द आहेत. मिणमिणता (अगदी मंद), लख्ख (स्वच्छ व भरपूर), झगझगीत (डोळे दिपविणारा), तिरीप (फटीतून येणारी किरणांची रेघ), कवडसा (छिद्रातून आत पडलेला उन्हाचा ठिपका). ‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण जेथे ज्ञान वा मोठेपणा आहे तेथेच उणीव असणे, या अर्थाने वापरतात. प्रस्तुत पाठात ती मूळच्या, शब्दशः अर्थानेही लागू पडते.

पाठगत प्रश्न

१. घरातील विजेच्या दुरुस्तीसाठी प्लगवरचा दिवा का चालत नाही?
२. दिव्याने दिलेल्या प्रकाशाचे माप कोणते?
३. ५ वॅटच्या दिव्यात २००० मिलिअँपिअर-तासांची लिथियम बॅटरी आहे. तो सुमारे किती वेळ चालेल?

पाठान्त प्रश्न

१. ‘उजेड हेही एक हत्यारच आहे’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. पत्नीच्या शिवणकामाच्या अनुभवाचा दुरुस्तीच्या कामात कसा उपयोग झाला?
३. आपल्या घरातील तीन कामे लिहा व प्रत्येकासाठी कोणता दिवा योग्य ते सकारण सांगा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. दुरुस्तीच्या वेळी मेन स्विच बंद ठेवावा लागतो म्हणून.
२. ल्यूमेन.
३. २ × ३.७ = ७.४ वॅट-तास, म्हणजे सुमारे दीड तास.